बटाटा श्वास कसा घेतो? कमलाबाई सोहोनी आणि एका साखळीचा इतिहास



१८ जून २०२३ ला गूगलने डॉ. कमला सोहोनींवर डूडल केलं. तेव्हापासून त्यांच्याबद्दलचा एक मजकूर निरनिराळ्या ग्रुपांवरून माझ्याकडे येत असतो. तुमच्याकडेही आला असेल. सारांश असा: बंगलोरच्या इन्स्टिट्यूटमध्ये सर सी. व्ही. रामन यांनी केवळ बाई म्हणून त्यांना प्रवेश नाकारला, त्या मागे हटल्या नाहीत, पुढे केंब्रिजला जाऊन त्यांनी 'सायटोक्रोम सी'चा शोध लावला आणि विज्ञानात डॉक्टरेट मिळवणाऱ्या पहिल्या भारतीय स्त्री ठरल्या.

वाचून ऊर भरून येतो आणि आपण तो पुढे पाठवून देतो. माझी तक्रार एवढीच की त्यातला अपमानाचा भाग खरा आहे, पण विज्ञानाचा भाग गडबडीचा आहे. सायटोक्रोमचा शोध कमलाबाई केंब्रिजला पोचायच्या बारा वर्षं आधीच लागला होता. 'पहिल्या' हेसुद्धा जपून म्हणायला हवं, कारण जानकी अम्मल या वनस्पतिशास्त्रज्ञ बाईंना १९३१ मध्येच अमेरिकेत मिशिगन विद्यापीठाची डॉक्टरेट मिळाली होती. म्हणजे जे कमलाबाईंचं नाही ते आपण त्यांच्या पदरात टाकतो, आणि जे खरोखर त्यांचं आहे त्याचा पत्ताच नसतो. त्या बाईंनी आयुष्यभर केमिस्ट्री केली. त्यांची गोष्ट केमिस्ट्री वगळून सांगणं मला तरी बरोबर वाटत नाही. म्हणून हा पत्रप्रपंच.

सुरुवात जरा लांबून करतो. १७८२-८३ च्या हिवाळ्यात पॅरिसमध्ये लाव्हाझिए आणि लाप्लास या दोघांनी एका गिनीपिगला बर्फाने वेढलेल्या भांड्यात बसवलं. त्याच्या अंगच्या उबेने किती बर्फ वितळतो आणि त्याच्या श्वासातून किती कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो, हे त्यांनी मोजलं. मग तेवढाच कार्बन डायऑक्साइड निघेल इतका कोळसा जाळला, तर बर्फही साधारण तितकाच वितळला. निष्कर्ष सरळ होता: श्वसन म्हणजे सावकाश होणारं ज्वलन. आपल्याकडचा 'जठराग्नी' हा शब्द अगदीच हवेतला नव्हता तर, फक्त ती आग जठरात नसते!

मग कुठे असते? लाव्हाझिएला वाटलं फुफ्फुसात. पुढे एकोणिसाव्या शतकात हळूहळू लक्षात आलं की फुफ्फुस हे नुसतं नाकं आहे, माल तिथून आत जातो इतकंच. खरं जळण प्रत्येक पेशीत चालतं. पण इथे एक मोठं कोडं उभं राहतं. वाटीभर साखर टेबलावर वर्षभर ठेवली तरी हवेतल्या ऑक्सिजनने ती जळत नाही. तीच साखर आपल्या अंगात ३७ डिग्रीला, पाण्यात भिजलेल्या अवस्थेत, ज्वाळा न काढता जळते. कशी काय?

या कोड्याची पहिली किल्ली एका आडगावच्या म्हणता येईल अशा डॉक्टरला सापडली. चार्ल्स मॅकमन हा आयरिश माणूस. इंग्लंडमध्ये वुल्व्हरहॅम्प्टनला प्रॅक्टिस करायचा. विद्यापीठ नाही, लॅब नाही. घराच्या तबेल्यावर गवत साठवायचा माळा होता, तिथेच त्याने आपला स्पेक्ट्रोस्कोप मांडला होता. रोगी तपासून झाले की हा माळ्यावर चढायचा आणि निरनिराळ्या प्राण्यांच्या स्नायूंचे तुकडे प्रकाशात धरून बघायचा. रंगीत पदार्थातून प्रकाश गेला की काही रंग त्यात शोषले जातात आणि स्पेक्ट्रमवर काळे पट्टे दिसतात. कोणता पट्टा कुठे आहे यावरून पदार्थ ओळखता येतो.

मॅकमनला असे काही पट्टे दिसले जे हिमोग्लोबिनचे नव्हते. आणि ते कुठे दिसले? सस्तन प्राण्यांत, पक्ष्यांत, आणि ज्यांच्या अंगात हिमोग्लोबिन नसतंच अशा कीटकांतही. १८८४ ते १८८६ च्या दरम्यान त्याने हे छापलं. पेशींच्या आत श्वसनाचं काम करणारं एक रंगद्रव्य आहे आणि ते जीवसृष्टीत दूरवर पसरलेलं आहे, असं त्याचं म्हणणं.

आता समोर कोण उभं राहिलं बघा. फेलिक्स होप्पे-झायलर. 'हिमोग्लोबिन' हे नाव ज्याने दिलं तोच हा माणूस, आणि शरीराच्या केमिस्ट्रीला वाहिलेल्या नियतकालिकाचा संस्थापक-संपादक. त्याच्या लॅबमधल्या लेव्ही नावाच्या विद्यार्थ्याने १८८९ मध्ये मॅकमनचं काम तपासलं आणि सांगितलं की यात नवीन काही नाही, हे हिमोग्लोबिनचंच एक बिघडलेलं रूप आहे. मॅकमनने उत्तर पाठवलं. होप्पे-झायलरने ते छापलं, पण खाली संपादकीय टीप जोडली की आता यावर आणखी चर्चेची गरज नाही. झालं, विषय संपला.

होप्पे-झायलर काही खलनायक नव्हता. मॅकमनचं रासायनिक काम, म्हणजे ते द्रव्य वेगळं काढून दाखवणं, खरोखरच कच्चं होतं आणि ते त्याने स्वतःही कबूल केलं होतं. पण हिमोग्लोबिन नसलेल्या किड्यात हिमोग्लोबिनचं बिघडलेलं रूप कुठून येणार, या साध्या प्रश्नाला कुणी उत्तर दिलं नाही. प्रश्न विचारणारा तबेल्याच्या माळ्यावर होता आणि उत्तर देणारा खुर्चीवर. मॅकमन १९११ मध्ये गेला. त्याच्या पश्चात, १९१४ मध्ये निघालेल्या त्याच्या पुस्तकात त्याने शांतपणे नोंदवून ठेवलंय की होप्पे-झायलरच्या नावामुळे त्याचं म्हणणं स्वीकारलं गेलं नाही, पण एक दिवस हे द्रव्य पाठ्यपुस्तकांत येईल.

तो दिवस यायला १९२५ साल उजाडावं लागलं. आणि तो आणणारा माणूस केमिस्ट नव्हताच मुळी. डेव्हिड केलिन हा परोपजीवी किड्यांचा अभ्यासक. जन्म मॉस्कोचा, घराणं पोलिश, शिक्षण पॅरिसचं, आणि नोकरी केंब्रिजला. (आपल्यासारखाच, चार देशांचे शिक्के असलेला.) घोड्याच्या पोटात वाढणाऱ्या एका माशीवर त्याचं काम चालू होतं. तिच्या अळीत हिमोग्लोबिन असतं. अळीची माशी झाली की त्याचं काय होतं, हे बघायला त्याने माशीच्या स्नायूंवर स्पेक्ट्रोस्कोप लावला. हिमोग्लोबिनच्या जागी चार वेगळेच पट्टे दिसले. मग ते मधमाशीत दिसले, इतर प्राण्यांत दिसले, यीस्टमध्ये दिसले.

यीस्टचा प्रयोग तर मला फार आवडतो, इतका तो साधा आहे. यीस्ट कालवलेली परीक्षानळी स्पेक्ट्रोस्कोपसमोर धरायची, चार पट्टे दिसतात. नळी जोरात हलवायची, म्हणजे आत हवा मिसळते, आणि पट्टे गायब! नळी स्थिर ठेवली की यीस्ट तो ऑक्सिजन वापरून टाकतं आणि पट्टे पुन्हा हजर! म्हणजे हे द्रव्य पेशीच्या आत, जिवंतपणी, डोळ्यांदेखत काम करत होतं. पेशी श्वास घेताना प्रत्यक्ष दिसायला लागली. केलिनने त्याला नाव दिलं 'सायटोक्रोम', म्हणजे पेशीतला रंग. त्यात एक नव्हे तर तीन घटक आहेत हेही त्याने दाखवलं: ए, बी आणि सी. आणि जुने पेपर चाळताना मॅकमन सापडला, तेव्हा त्याचं श्रेय त्याला मोकळ्या मनाने दिलं.

थोडी केमिस्ट्री, कंटाळू नका. सायटोक्रोमच्या पोटात लोखंडाचा एक अणू असतो. तो एक इलेक्ट्रॉन घेतो आणि पुढच्याला देतो, पुन्हा घेतो, पुन्हा देतो. गावात आग लागली की विहिरीपासून घरापर्यंत माणसं रांगेने उभी राहतात आणि बादल्या हातोहात पुढे सरकवतात, तसं समजा. अन्नातून निघालेले इलेक्ट्रॉन असे हातोहात पुढे जातात. रांगेतला शेवटचा गडी म्हणजे सायटोक्रोम ऑक्सिडेज हे एन्झाइम. तो बादली ऑक्सिजनच्या हवाली करतो आणि त्यातून पाणी तयार होतं. एकदम भडका न उडता ऊर्जा हप्त्याहप्त्याने मोकळी होते, म्हणून आपण पेटत नाही. आणि सायनाइड इतकं भयंकर का? कारण ते नेमका हा शेवटचा गडी बाद करतं. रक्तात ऑक्सिजन भरपूर, पण घेणारा कुणी नाही. आपण घेतलेला बहुतेक सगळा ऑक्सिजन याच शेवटच्या हातावर खर्च होतो.

केलिनला हे पट्टे वनस्पतींतही दिसले होते. पण दिसणं वेगळं आणि काम करताना पकडणं वेगळं. वनस्पतींची अडचण अशी की पानातला हिरवा रंग हे नाजूक पट्टे झाकून टाकतो. आणि हिरवा नसलेला भाग घेतला तर तो चिरताक्षणी काळा पडायला लागतो. चिरलेला बटाटा पाण्यात का टाकतात, हे कुणाही गृहिणीला विचारा. हा काळेपणा आणणारं एक वेगळंच एन्झाइम आहे, पॉलिफिनॉल ऑक्सिडेज. तेही ऑक्सिजन वापरतं. त्यामुळे १९३८ च्या सुमारास काही वनस्पतिशास्त्रज्ञांचं मत असं होतं की बटाट्याचं श्वसन याच्याच जोरावर चालतं, प्राण्यांसारखी सायटोक्रोमची रांग तिथे मुख्य नाही. म्हणजे प्रश्न छोटा नव्हता: झाड आणि माणूस एकाच पद्धतीने श्वास घेतात की नाही?

इथे कमलाबाई येतात. त्यांची वाट बंगलोरहून गेली, ती थोडक्यात सांगतो.

कमला भागवत यांचा जन्म १९११ चा, इंदूरचा. वडील नारायणराव आणि काका माधवराव दोघेही केमिस्ट, दोघेही बंगलोरच्या टाटा इन्स्टिट्यूटमध्ये, म्हणजे आजच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये शिकलेले. थोरली बहीण म्हणजे आपल्या दुर्गाबाई भागवत. १९३३ मध्ये मुंबई विद्यापीठाची बी.एस्सी. उत्तम रीतीने पास झाल्यावर मुलीने घरच्या वाटेने बंगलोरला अर्ज करावा यात नवल काहीच नव्हतं. नुकतेच डायरेक्टर झालेल्या रामन यांनी नकार दिला, कारण अर्जदार मुलगी होती. कमलाबाई स्वतः बंगलोरला जाऊन त्यांच्यासमोर उभ्या राहिल्या. शेवटी प्रवेश मिळाला, पण अटींवर. पहिलं वर्ष नियमित विद्यार्थिनी म्हणून नाही, चाचणीवर. गाइड सांगतील तेव्हा, रात्री उशिरापर्यंतही काम करायचं. आणि लॅबचं वातावरण 'बिघडवायचं' नाही. नोबेल मिळालेल्या माणसाने घातलेली ही अट आज वाचतानाही कसंतरी होतं.

श्रीनिवासय्या या गाइडच्या हाताखाली त्यांनी दूध आणि कडधान्यांतल्या प्रथिनांवर काम केलं. वर्षभरात रामन यांचं समाधान झालं, त्या नियमित झाल्या, आणि तिथून पुढे मुलींना संस्थेत प्रवेश मिळायला लागला. १९३६ मध्ये एम.एस्सी. झाली. पण तो अपमान त्या विसरल्या नाहीत. साठ-एक वर्षांनंतरही त्यांनी जाहीरपणे सांगितलं की रामन शास्त्रज्ञ म्हणून मोठे होते, पण मनाने कोते होते.

१९३७ मध्ये त्या केंब्रिजला पोचल्या. तिथलीही बाजू पूर्ण उजळ नव्हती, हे सांगायला हवं. केंब्रिजने स्त्रियांना विद्यापीठाचं पूर्ण सभासदत्व १९४८ मध्ये दिलं, आपल्याला स्वातंत्र्य मिळाल्यानंतर! पण त्या विद्यापीठात बायोकेमिस्ट्रीचा विभाग हे एक वेगळं घर होतं. व्हिटॅमिनच्या कामासाठी १९२९ चं नोबेल मिळालेले सर फ्रेडरिक हॉपकिन्स विभागप्रमुख होते आणि त्यांच्याकडे स्त्रिया मोठ्या संख्येने संशोधन करत. कमलाबाईंनी आधी डेरेक रिक्टर यांच्याबरोबर प्राण्यांच्या ऊतींमधल्या एन्झाइम्सवर काम केलं आणि मग त्या रॉबिन हिल यांच्याकडे गेल्या.

हिल म्हणजे वनस्पतींच्या केमिस्ट्रीतला तेव्हाचा सर्वांत कल्पक माणूस. पानातली हरितकं वेगळी काढून त्यांच्यावर उजेड टाकला तर ती ऑक्सिजन सोडतात, हे त्यांनी १९३७ मध्ये दाखवलं. आजही ते 'हिल रिअ‍ॅक्शन' म्हणूनच शिकवतात. शिवाय केलिनबरोबर सायटोक्रोम सी वर त्यांनी आधीच काम केलेलं होतं. म्हणजे योग्य प्रश्न, योग्य माणूस आणि योग्य जागा असं जुळून आलं. कमलाबाईंनी बटाटा हातात घेतला.

त्याचं फळ १९३९ च्या 'नेचर'मध्ये आहे. हिल आणि भागवत या दोन नावांनी एक छोटं टिपण आहे, विषय फुलझाडांच्या वर्गातल्या वनस्पतींमधलं सायटोक्रोम ऑक्सिडेज. म्हणजे रांगेतला तो शेवटचा गडी, ऑक्सिजनला बादली देणारा, वनस्पतीतही आहे आणि काम करतोय, हे त्यांनी दाखवलं. हा त्यांचा खरा वाटा. द्रव्य शोधलं मॅकमनने, ते काम करताना दाखवलं केलिनने, आणि बटाट्याच्या घरातही तीच चूल आहे याचा पुरावा देणाऱ्यांत कमलाबाई होत्या. त्याच वर्षी त्यांना पीएच.डी. मिळाली. प्रबंध जेमतेम ४० पानांचा! (आपल्यापैकी ज्यांनी चारशे पानं लिहिलीत त्यांनी मनाला लावून घेऊ नये. :-))

वनस्पतींच्या बाबतीत पुढे चित्र थोडं गुंतागुंतीचं झालं हेही खरं. त्यांच्यात सायनाइडला दाद न देणारी एक आडवाटही असते. अळू-सुरणाच्या कुळातल्या काही फुलांचा दांडा त्या वाटेने चक्क गरम होतो. पण हमरस्ता तोच, जो आपल्या अंगात आहे.

१९३९ मध्येच कमलाबाई परत आल्या. दिल्लीचं लेडी हार्डिंज कॉलेज, मग कुन्नूरची पोषण संशोधन प्रयोगशाळा, आणि १९४७ मध्ये मा. वि. सोहोनी यांच्याशी लग्न होऊन मुंबई. तिथल्या रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये त्यांनी बायोकेमिस्ट्रीचा विभाग वाढवला. ताडाच्या नीरेतल्या पोषक द्रव्यांवरच्या कामाला राष्ट्रपती पुरस्कार मिळाला. पण मला विशेष वाटतं ते कडधान्यांचं काम. १९५५ च्या 'नेचर'मध्ये पुन्हा त्यांचं नाव आहे, आता 'सोहोनी' म्हणून. विषय: वाल आणि डबल बीन यांच्यातून स्फटिकरूपात वेगळे काढलेले ट्रिप्सिन-रोधक. ट्रिप्सिन हे आपल्या आतड्यात प्रथिनं पचवणारं एन्झाइम. कच्च्या वालात त्यालाच अडवणारं एक प्रथिन असतं. चांगल्या उष्णतेने ते बरंचसं निकामी होतं. वाल भिजवा, मोड आणा, सोला, नीट शिजवा, हा बिरड्याचा सगळा खटाटोप करणाऱ्या आज्यांना ट्रिप्सिन ठाऊक नव्हतं, पण नीट न शिजलेल्या वालाने पोट धरायची वेळ येते हे पक्कं ठाऊक होतं. केंब्रिजमध्ये एन्झाइम पकडायला शिकलेली बाई मुंबईत येऊन वालाच्या उसळीची केमिस्ट्री लिहिते, याचं मला फार कौतुक वाटतं. पुढे त्या संस्थेच्या डायरेक्टर झाल्या, पण तेही पद हक्काच्या वेळेपेक्षा काही वर्षं उशिरा मिळालं.

आणि सायटोक्रोमचं काय झालं? १९६० च्या दशकात सायटोक्रोम सी मधल्या अमिनो आम्लांचा क्रम वेगवेगळ्या जीवांत मोजला गेला. माणसाचा आणि चिंपांझीचा क्रम तंतोतंत एक. र्‍हीसस माकडात फक्त एका जागी फरक. पार यीस्ट आणि गव्हापर्यंत गेलं तरी क्रमाचा मोठा भाग जुळतो. १९६७ मध्ये या फरकांवरून जीवसृष्टीचा वंशवृक्ष मांडला गेला. १९७८ मध्ये पीटर मिचेल यांना नोबेल मिळालं, इलेक्ट्रॉनच्या या रांगेतून पेशी ऊर्जा कशी साठवते ते सांगितल्याबद्दल, आणि त्यांनी आपल्या नोबेल व्याख्यानाच्या शीर्षकातच केलिनचं नाव घातलं. (केलिनला स्वतःला नोबेल मिळालं नाही.) १९९६ मध्ये कळलं की पेशीने मरायचं ठरवलं की हेच सायटोक्रोम सी आपली जागा सोडून बाहेर पडतं आणि मृत्यूचा इशारा देतं. ज्यावर 'आणखी चर्चेची गरज नाही' असं एका संपादकाने ठरवून टाकलं होतं, त्याच द्रव्याची ही कहाणी!

मॅकमनच्या बाबतीत नुकसान मोजता येतं. १८८९ ते १९२५, छत्तीस वर्षं. कमलाबाईंच्या बाबतीत ते मोजता येत नाही, कारण त्या परतल्या नाहीत. त्यांचे वडील-काका त्याच संस्थेत शिकलेले, घरात केमिस्ट्री, समोर जाऊन उभं राहायची धमक. ज्या मुलींकडे यातलं काही नव्हतं आणि ज्या 'नाही' ऐकून घरी बसल्या, त्यांची नोंद कुठल्याच संस्थेच्या दप्तरात नाही. त्यांच्यातल्या कुणी काय शोधलं असतं, हे कधीच कळणार नाही.

आपल्यातले बरेच जण आज इंटरव्ह्यू घेणाऱ्या, पेपर तपासणाऱ्या, अर्ज निवडणाऱ्या खुर्चीत बसतात. होप्पे-झायलर आणि रामन दोघेही आपापल्या विषयात फार मोठे होते, आणि नकार देताना दोघांनाही आपण संस्थेचं भलंच करतोय असं वाटत असणार. मला तरी यातली हीच गोष्ट सगळ्यात अस्वस्थ करते.

असो, बरंच लांबलं. बायोकेमिस्ट्रीतल्या जाणकारांनी यात जरूर भर घालावी.